वायर टोकालाच का जळते?

टीव्हीची किंवा कॉम्प्युटरची वायर उंदराने कुरतडली म्हणून माणूस नवी घ्यायला बाजारात जातो. दुकानदाराने १० अँपिअरची कॉर्ड पुढे केली की तो हमखास एक शंका काढतो : जुन्या वायरीवर २.५ अँपिअर लिहिले होते, मग ही लावल्यावर टीव्हीत जास्त करंट शिरून तो जळणार नाही का? बेळगावच्या खडेबाजारात असो, निपाणीत असो वा खानापुरात, ही शंका सर्वत्र ऐकू येते. ती चुकीची आहे; पण ती काढणारा माणूस निदान वायरीवरचा आकडा वाचतो, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. खरा धोका दुसऱ्या समजुतीत आहे आणि ती इतकी सर्वमान्य आहे की तिच्याबद्दल कोणी शंकाही घेत नाही. ती समजूत अशी, की जी पिन नीट बसते ती वायर चालते.

आधी पहिल्या शंकेचा निकाल लावू. किती प्रवाह वाहायचा हे वायर ठरवत नाही, उपकरण ठरवते. आपल्याकडे वीज २३० व्होल्ट दाबाने येते आणि १०० वॅटचा टीव्ही त्या दाबाला सुमारे ०.४३ अँपिअर प्रवाह घेतो. वायर २.५ अँपिअरची असो की १६ अँपिअरची, टीव्ही तेवढाच प्रवाह घेणार. वायरीवरचा आकडा हा तिच्या सहनशक्तीची कमाल मर्यादा सांगतो. त्यामुळे मोठ्या आकड्याची वायर लहान उपकरणाला खुशाल लावावी, लहान आकड्याची वायर मोठ्या उपकरणाला मात्र कधीही लावू नये. व्होल्टच्या आकड्याची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेहून आलेल्या नातेवाइकाने उपकरणासोबत आणलेल्या कॉर्डच्या प्लगवर बहुधा १२५ व्होल्ट लिहिलेले असते. अशी कॉर्ड ॲडॉप्टरचा आधार देऊन आपल्या सॉकेटात बसवू नये. आपल्याला २५० व्होल्ट लिहिलेलीच कॉर्ड हवी.

उपकरणाच्या बाजूच्या टोकाचे आकार आयईसी ६०३२० या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेले आहेत. इंग्रजी आठच्या आकाराचे दोन छिद्रांचे टोक म्हणजे सी-७, आणि लॅपटॉपच्या ॲडॉप्टरला लागणारे तीन पाकळ्यांचे टोक म्हणजे सी-५. या दोन्हींची मर्यादा २.५ अँपिअर आहे. कॉम्प्युटर, मॉनिटर आणि ॲम्प्लिफायर यांना लागणारे तीन चपट्या छिद्रांचे टोक म्हणजे सी-१३, मर्यादा १० अँपिअर. त्याच्याचसारखे दिसणारे, पण तळाशी एक खाच असलेले सी-१५ हे टोक तापणाऱ्या उपकरणांसाठी असते. सी-१३ च्या जोडाला ७० अंश सेल्सियसपर्यंतची तर सी-१५ च्या जोडाला १२० अंशांपर्यंतची उष्णता सोसावी लागेल असे मानकाने गृहीत धरलेले आहे. मानकाने आकार ठरवला, त्या आकाराच्या पोटात किती आणि कशाची तार घालावी याचेही नियम आहेत; पण बाजारातील सर्वच माल ते नियम पाळून बनत नाही.

कॉर्डची जाडी पाहून फसू नये, कारण डोळ्यांना दिसते ती पीव्हीसीच्या आवरणाची जाडी. आतल्या तांब्याचे क्षेत्रफळ महत्त्वाचे. जुने वायरमन १४/७६, २३/७६, ४०/७६ अशा भाषेत बोलतात. पहिला आकडा तारांची संख्या आणि दुसरा इंचाच्या दहाहजारांशात एका तारेचा व्यास. आता कॉर्डवर चौरस मिलिमीटरचा आकडा छापलेला असतो. ०.२ मिलिमीटर व्यासाच्या २४ तारा मिळून ०.७५ चौरस मिलिमीटर तांबे होते आणि घरातील बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांना ते पुरेसे आहे. एवढ्या तांब्याचा विरोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा (रेझिस्टन्स), मीटरला सुमारे ०.०२६ ओहम असतो. दीड मीटरच्या कॉर्डमध्ये प्रवाह एका तारेने जाऊन दुसरीने परत येतो, म्हणजे ३ मीटर तार, म्हणजे ०.०७८ ओहम. तापण्याचा हिशेब शाळेतील सूत्रानेच होतो : प्रवाहाचा वर्ग गुणिले विरोध. १०० वॅटच्या टीव्हीसाठी हे उत्तर एका वॅटच्या सत्तराव्या भागाइतके, म्हणजे नगण्य येते. १००० वॅटच्या विजेच्या कुकरसाठी प्रवाह ४.३५ अँपिअर, आणि उत्तर दीड वॅट. हेही चालण्यासारखे आहे.

आता याच जागी स्वस्तातली कॉर्ड घेऊ, जिच्यात जेमतेम ०.२ चौरस मिलिमीटर धातू आहे आणि तोही तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम. शुद्ध ॲल्युमिनियमचा विरोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. या कॉर्डचा एकूण विरोध ०.४ ओहमच्या आसपास जातो आणि कुकर लावल्यावर ती साडेसात वॅटने तापते. टीव्हीला लावल्यास मात्र ती वॅटच्या दहाव्या भागानेही तापत नाही. लोक फसतात ते इथेच. टीव्हीला ती वर्षभर बिनतक्रार चालते, तिच्यावर घरच्यांचा विश्वास बसतो, आणि एके दिवशी कुकरची वायर सापडत नाही म्हणून तीच, पिन बसते म्हणून, कुकरला लागते.

खानापूर तालुक्यातील एका घरी असेच झाले आणि त्या कॉर्डचे जळालेले टोक मला उभे कापून पाहता आले. मधली सारी वायर सुस्थितीत होती, कुठे मऊही पडलेली नव्हती. टोकाच्या आत मात्र पिनांना स्प्रिंगसारख्या दाबून धरणाऱ्या पितळेच्या तीन पात्यांपैकी एकच काळी-निळी पडली होती, तिच्या भोवतीचे प्लॅस्टिक फुगून त्यात बुडबुडे आले होते आणि उरलेल्या दोन पात्या पिवळ्याधमक होत्या. घरच्यांना आधी काही दिवस मासळीसारखा वास येत होता. काही प्रकारचे प्लॅस्टिक तापले की असाच वास येतो. एकाच कॉर्डमधून, एकाच वेळी, तोच प्रवाह सगळ्या लांबीतून आणि फेज व न्यूट्रल या दोन्ही पात्यांमधून वाहत असताना एकच पाती का जळावी?

दोन धातू एकमेकांना टेकले म्हणजे पूर्ण टेकले, असे आपण धरून चालतो. तसे नसते. उद्यमबागेतील एखाद्या कारखान्यात लेथवर आरशासारखा चकचकीत केलेला पृष्ठभागही सूक्ष्मदर्शकाखाली उंचसखल दिसतो. नुकतीच टाकी लावलेल्या जात्याच्या दोन तळ्या एकमेकींवर ठेवल्या तर त्या जशा फक्त उंचवट्यांवर टेकतात, तशीच पिन आणि पाती मोजक्या ठिपक्यांवर टेकतात. स्वीडिश पदार्थवैज्ञानिक रॅग्नार होल्म यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या ठिपक्यांचा सविस्तर अभ्यास केला. टेकण्याचे खरे क्षेत्रफळ म्हणजे दाबणारे बल भागिले धातूची कठीणता, हा त्यातील कळीचा हिशेब आहे. पातीने पिनेला १० न्यूटन, म्हणजे साधारण एक किलो वजनाइतक्या बलाने दाबले आणि पितळेची कठीणता चौरस मिलिमीटरला १००० न्यूटन धरली, तर खरा स्पर्श ०.०१ चौरस मिलिमीटरचा होतो. पाती डोळ्यांना १० चौरस मिलिमीटर टेकलेली दिसत असली, तरी वीज त्याच्या हजाराव्या भागातूनच जाते.

या हिशेबात पातीच्या रुंदीला स्थानच नाही, हे वाचकांनी नीट पाहावे. पाती दुप्पट रुंद केली पण दाब तेवढाच ठेवला, तर खरा स्पर्श वाढत नाही. सारा खेळ स्प्रिंगचा आहे. रुंद पात्रातून येणारा प्रवाह त्या अरुंद ठिपक्यात शिरताना त्याच्या वाटा आवळल्या जातात आणि या आवळण्यामुळेच जास्तीचा विरोध निर्माण होतो. एका गोल ठिपक्यासाठी तो धातूच्या विशिष्ट विरोधाला (त्या धातूच्या अंगच्या विरोधाला, रेझिस्टिव्हिटीला) ठिपक्याच्या व्यासाने भागून मिळतो. ठिपक्याचे क्षेत्रफळ बलाच्या प्रमाणात आणि व्यास क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्याने, स्वच्छ धातूंच्या बाबतीत विरोध हा बलाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात येतो. म्हणजे स्प्रिंगचा दाब चौथाईवर आला तर विरोध दुप्पट होतो.

निव्वळ एवढेच असते तर भिण्याचे कारण नव्हते. चांगल्या जोडाचा विरोध काही हजारांश ओहम असतो, तो ०.००५ धरला तर आपला कुकर तिथे वॅटचा दहावा भाग उष्णता निर्माण करेल. पण हवेत प्राणवायू आहे, बाष्प आहे आणि धातूंवर ऑक्साइडचा थर चढतो. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात पावसाळाभर भिंतींना ओल असते, आणि महिनोन्‌महिने न हलवलेल्या प्लगच्या पितळी पिना हिरवट-काळ्या झालेल्या तिथे सहज दिसतात. थर चढला की ठिपके कमी होतात, विरोध वाढतो. तो ०.२ ओहम झाला की त्या सूक्ष्म जागी पावणेचार वॅट उष्णता निर्माण होऊ लागते. या उष्णतेने पितळेची स्प्रिंग हळूहळू आपला ताण सोडते. ताण सुटला की दाब घटतो, दाब घटला की ठिपके आणखी कमी होतात, विरोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते, आणि तापलेल्या धातूवर ऑक्साइडही अधिक वेगाने चढते. धातू तापला की त्याचा विरोध वाढतो, पण तो थंड झाल्यावर पूर्ववत होतो. स्प्रिंगचा गेलेला ताण मात्र परत येत नाही. त्यामुळे हे चक्र एकाच दिशेने फिरते, आणि ज्या पातीत ते आधी सुरू झाले तीच पाती जळते.

तांब्याच्या बाबतीत यापुढचा टप्पा मला फार विलक्षण वाटतो. क्युप्रस ऑक्साइड हा तांब्याचा ऑक्साइड अर्धवाहक आहे. थंड असताना तो विजेला अडवतो आणि तापला की वाट देतो. त्यामुळे सैल जोडात जिथे थोडी अधिक उष्णता आहे तिथूनच अधिक प्रवाह जातो, तिथे आणखी उष्णता होते, आणि शेवटी ऑक्साइडमध्ये एक बारीक, लालभडक तापलेली वाट तयार होते. सॉकेटच्या आत असा निखारा असताना बाहेर टीव्ही व्यवस्थित चालू राहू शकतो.

‘आमच्याकडे एमसीबी आहे’ हे उत्तर इथे उपयोगाचे नाही. एमसीबी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त प्रवाह गेला तरच पडतो. सैल जोड प्रवाहाच्या वाटेतच बसलेला असल्याने तो प्रवाह किंचित कमीच करतो. विजेची गळती पकडणारा आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह यांची तुलना करतो, आणि इथे ते दोन्ही सारखेच असतात. दोन्ही रक्षक आपापले काम चोख करत असूनही हा दोष त्यांना दिसत नाही.

टीव्ही वारंवार बंद पडतो किंवा सेट-टॉप बॉक्स टिकत नाही म्हणून वास्तुदोष काढून घेणारी कुटुंबे आपल्या भागात कमी नाहीत. सल्ल्यानुसार टीव्ही दुसऱ्या कोपऱ्यात नेला की तक्रार थांबते आणि सल्ला खरा ठरल्याचा अनुभव येतो. कोपऱ्याबरोबर सॉकेटही बदलले, हे मात्र कोणी ध्यानात घेत नाही. दक्षिणा देण्यापूर्वी जुने सॉकेट उघडून त्याच्या पात्या पाहाव्यात. याच पंक्तीत, ‘शुद्ध वीज’ देऊन आवाज सुधारणाऱ्या, हजारो रुपयांच्या कॉर्डची जाहिरातही बसते. ट्रान्सफॉर्मरपासून घराच्या भिंतीपर्यंत साध्या तारांतून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये पवित्र होत नाही.

आता तिसऱ्या पिनेविषयी. मूळ कॉर्ड तीन पिनांची असेल तर बदलीची कॉर्डही तीन पिनांचीच हवी. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज ते बॉडी आणि न्यूट्रल ते बॉडी असे दोन सारखे कपॅसिटर मुद्दाम बसवलेले असतात. अर्थिंग जोडलेले नसेल तर हे दोघे २३० व्होल्टची वाटणी करतात आणि धातूची बॉडी ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहते. कपॅसिटर लहान असल्याने प्रवाह मिलिअँपिअरच्या अंशाइतकाच असतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून हात लावल्यास झिणझिण्या येतात त्या याच. झिणझिण्यांनी माणूस मरत नाही, पण आतले इन्सुलेशन खरोखर फुटले तर वाचवणारी तारच जागेवर नाही, एवढे त्या सांगतात. जुन्या कौलारू घरांतील बोर्डांवर तिसरे छिद्र असते, पण मागे तार जोडलेली नसते. त्यामुळे कॉर्ड बदलताना वायरमनकडून तेही तपासून घ्यावे. बॉडीवर चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या उपकरणांना मात्र अर्थिंगची गरज नसते, कारण त्यांचे इन्सुलेशनच दुहेरी असते.

दुकानात उभे राहिल्यावर पाहायच्या गोष्टी या विवेचनातूनच निघतात. प्लगवर आयएस १२९३ आणि आयएसआय चिन्ह असावे, चिन्हाजवळ परवाना क्रमांक असावा, आणि तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर टाकून पाहावा. बनावट चिन्हे याच चाचणीत उघडी पडतात. वायरीवर ०.७५ किंवा त्याहून अधिक चौरस मिलिमीटर छापलेले असावे. सुटी वायर घेत असाल तर एक तार ब्लेडने खरवडावी, आत पांढरा धातू दिसला तर ती परत करावी. चुंबकाला चिकटली तर आत लोखंड आहे. प्लग सॉकेटात घालताना आणि काढताना थोडा जोर लागला पाहिजे. सहज सरकणारा प्लग सोयीचा वाटतो, पण स्प्रिंगला दाब नाही हाच त्याचा अर्थ.

प्लग स्वतः जोडणार असाल तर स्क्रूखाली जाणाऱ्या तारांना पीळ द्यावा, डाग (सोल्डर) मात्र देऊ नये. डागाचा मऊ धातू दाबाखाली हळूहळू पसरतो आणि स्क्रू सैल होतो. हिरवी-पिवळी तार प्लगच्या आत बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे वायर हिसकली गेली तर ती सर्वांत शेवटी तुटेल. कॉर्ड लावल्यावर उपकरण अर्धा तास चालवावे, बटण बंद करून प्लग काढावा आणि पिनांना नव्हे तर प्लगच्या प्लॅस्टिकला बोट लावून पाहावे. कोमट असेल तर हरकत नाही. बोट टेकवून ठेवता येत नसेल तर कॉर्ड आणि सॉकेट दोन्ही बदलावीत, कारण तापलेल्या सॉकेटची सैल पाती नव्या प्लगलाही त्याच चक्रात ओढते. जळालेली कॉर्ड टाकून देताना तिची दोन्ही टोके कापून टाकावीत, नाहीतर ती भंगारातून किंवा माळ्यावरून पुन्हा कोणाच्या तरी कुकरला लागते.