मर्कल, फ्रेड

मर्कल, फ्रेड : (२० डिसेंबर १८८८ – २ मार्च १९५६). अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलपटू. विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन येथे जन्मलेला आणि ओहायोतील टोलीडो शहरात वाढलेला मर्कल १९०७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स संघात आला. पहिल्या बेसवरील (धाव पूर्ण करण्यासाठी क्रमाने गाठाव्या लागणाऱ्या चार ठिकाणांपैकी पहिल्यावरील) क्षेत्ररक्षक म्हणून त्याची कारकीर्द दीर्घ आणि भरीव होती. लोकांच्या स्मरणात मात्र तो राहिला एका फसलेल्या धावेमुळे, आणि हा त्याच्यावर झालेला मोठा अन्याय होय.

२३ सप्टेंबर १९०८ रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर जायंट्स आणि शिकागो कब्ज यांचा सामना होता. फ्रेड टेनी पाठदुखीने बाहेर बसल्यामुळे एकोणीस वर्षांच्या मर्कलला त्याच्या जागी संधी मिळाली. नवव्या डावाच्या उत्तरार्धात धावसंख्या १-१ अशी समान होती आणि जायंट्सचे दोन गडी बाद झाले होते (तिसरा बाद होताच संघाचा डाव संपतो). मर्कलच्या फटक्यावर आधीच बेसवर असलेला त्याचा सहकारी मूस मॅककॉर्मिक तिसऱ्या बेसवर गेला, मर्कल पहिल्यावर थांबला. पाठोपाठ अल ब्रिडवेलने चेंडू मैदानाच्या मध्यभागी फटकावला आणि मॅककॉर्मिक होम प्लेटवर, म्हणजे धाव पूर्ण होते त्या अखेरच्या बेसवर, पोहोचला. सामना जिंकला असे समजून प्रेक्षक मैदानात घुसले. ती गर्दी पाहून मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच क्लबहाउसकडे वळला. अशा वेळी पुढचा बेस न गाठता मैदान सोडण्याचा प्रघात तेव्हा सर्रास होता.

नियम मात्र वेगळा होता. फटका मारणाऱ्याला पहिला बेस मोकळा करून देण्यासाठी तेथील धावपटूला दुसरा बेस गाठावाच लागतो. त्याआधी क्षेत्ररक्षकाने हातात चेंडू घेऊन त्या बेसला स्पर्श केल्यास धावपटू बाद ठरतो, आणि तो तिसरा बळी असेल तर त्याच फटक्यावर निघालेली धाव धरली जात नाही. कब्जच्या जॉनी एव्हर्सने चेंडू मागवून नेमके हेच केले. त्याने घेतलेला चेंडू खरोखर तोच होता की नाही, हा वाद कधीच मिटला नाही. ४ सप्टेंबरला पिट्सबर्ग येथे अशाच प्रसंगी एव्हर्सने पंच हँक ओ'डे याच्याकडे दाद मागितली होती आणि तेव्हा ती फेटाळली गेली होती. या वेळी त्याच ओ'डेने मर्कलला बाद दिले. गर्दी आणि अंधारामुळे खेळ पुढे होऊ शकला नाही व सामना बरोबरीत सुटल्याचे जाहीर झाले. हंगामाअखेर दोन्ही संघ समान स्थितीत आल्याने ८ ऑक्टोबरला सामना पुन्हा खेळवावा लागला. तो कब्जने ४-२ असा जिंकला व पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन प्रमुख लीगच्या विजेत्यांमधील अजिंक्यपद मालिकाही, पटकावली.

वृत्तपत्रांनी मर्कलला ‘बोनहेड’, म्हणजे मठ्ठ, ठरवले. संघव्यवस्थापक जॉन मॅग्रॉने मात्र त्याला कधीच बोल लावला नाही, उलट त्याचा पगार वाढवला. हा विश्वास सार्थ ठरला. मर्कल संघाचा नियमित खेळाडू झाला. १३ मे १९११ रोजी त्याच्या फलंदाजीवर एकाच डावात संघाला ६ धावा मिळाल्या, तर १९१२ मध्ये त्याची फलंदाजीची सरासरी .३०९ (दर हजार संधींमागे सुमारे ३०९ यशस्वी फटके) होती. त्याच वर्षीच्या वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सामन्यात दहाव्या डावात जायंट्सना आघाडी मिळाली ती त्याच्याच फटक्यावर, परंतु बोस्टनने सामना खेचून नेला.

१९१६ मध्ये तो ब्रुकलिनकडे व पुढच्या वर्षी खुद्द कब्जकडे गेला. जायंट्स, ब्रुकलिन आणि कब्ज यांच्यासह तो पाच वर्ल्ड सिरीजमध्ये खेळला, पण एकदाही विजेता ठरला नाही. १९२० नंतर तो काही वर्षे कनिष्ठ लीगमध्ये रॉचेस्टरकडून खेळला आणि १९२६ मध्ये न्यूयॉर्क यांकीजसाठी त्याने अखेरचा सामना खेळला. फ्लॉरिडातील डेटोना बीच येथे त्याचे निधन झाले.