नागीण बाहेरून येत नाही

आई आधी लुगड्याच्या गाठीबद्दल बोलली. "गाठीखाली आग व्हायली बघ," म्हणाली, "मिरची चोळल्यावानी." वैशाखाचे दिवस, परभणीत पारा ४३ च्या वर. मला वाटलं घामोळं असेल. बघितलं तर कातडी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी कळ पाठीतून पोटाकडे सरकली, तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथं मुतखड्याची शंका आली, सोनोग्राफी झाली, खडा काही सापडला नाही आणि दुखायची गोळी घेऊन आम्ही घरी आलो. तिसऱ्या दिवशी उजव्या कमरेवर लाल चट्टा उठला आणि संध्याकाळपर्यंत त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढे पाण्याचे फोड, घोसच्या घोस. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी नाव सांगितलं. नागीण.

नाव बरोबर होतं. पुढचं सगळं चुकलं. गावाकडून निरोप आला की नागीण उतरवणारे एक बाबा आहेत, मंतर टाकतात, गेरू लावतात. तोवर सुई-गोळी घेऊ नका, नाहीतर ती चिडते. मी बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवतो. तरी घरातल्या थोरल्यांपुढे माझं काही चाललं नाही, आणि पाच दिवस गेरूच्या लेपात गेले. फोड सुकले, खपल्या पडल्या, पण आग गेली नाही. पुढं चौदा महिने आईला लुगडं नेसता आलं नाही. गाठीचा दाब तर सोडाच, पंख्याचा वारा लागला तरी ती दचकायची. आयुष्यभर नऊवारीत वावरलेली बाई ढगळ गाऊन घालून आतल्या खोलीत बसून राहायची, दारात कुणी आलं की आत सरकायची. मला ते अजून बघवत नाही.

म्हणून नीट समजून घेऊ. नागीण बाहेरून येत नाही. ती आपल्यापैकी बहुतेकांच्या आत लहानपणापासून आहे.

लहानपणी कांजिण्या झाल्या, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं, दहा-बारा दिवसांत पोर खेळायला लागलं. घरानं विषय संपवला. विषाणूनं संपवला नाही. कांजिण्यांचा विषाणू, व्हॅरिसेला-झोस्टर त्याचं नाव, नसांमधून आत सरकतो आणि पाठीच्या कण्याशेजारी प्रत्येक नसेच्या मुळाशी जो पेशींचा छोटा पुंजका असतो तिथं दडी मारतो. तिथं तो चाळीस-पन्नास वर्षंही गपचूप पडून राहू शकतो. त्याच्यावर आपल्या रक्तातल्या टी-पेशींचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, पहारा असतो. पन्नाशीनंतर हा पहारा हळूहळू ढिला पडतो. मधुमेह असेल, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, कर्करोगाचे उपचार किंवा किडनीचं प्रत्यारोपण झालं असेल, तर आणखी लवकर. मग एखाद्या पुंजक्यातला विषाणू जागा होतो, वाढतो आणि त्याच नसेच्या वाटेनं परत कातडीकडे निघतो. नसेला सूज आल्यानं आधी कळ येते, आणि तो कातडीपर्यंत पोचला की फोड. आईची कातडी पहिले दोन दिवस स्वच्छ का होती, याचं उत्तर हे. ज्या डॉक्टरांना मुतखडा वाटला त्यांना मी दोष देत नाही. त्या घडीला दिसण्यासारखं काही नव्हतंच.

आता नागीण कमरेला वेढा घालते, या समजाची गोष्ट. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. प्रत्येक नस कातडीचा एक पट्टा सांभाळते. तो पट्टा मागे कण्यापाशी सुरू होतो आणि पुढं पोटाच्या मध्यरेषेपाशी संपतो. उजव्या पुंजक्यातला विषाणू उजव्याच पट्ट्यावर येतो, म्हणून नागीण अर्ध्या कमरपट्ट्यासारखी दिसते. झोस्टर या ग्रीक शब्दाचा अर्थही कमरपट्टाच. कोणती नस कातडीचा कोणता भाग सांभाळते, याचा नकाशा १९०० साली हेन्री हेड आणि कॅम्पबेल या इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी मांडला, तो नागिणीच्याच रुग्णांवरून. आजही डॉक्टर त्या नकाशाच्या सुधारित रूपावर बोट ठेवून निदान करतात.

म्हणजे तोंड-शेपूट जुळतच नाही, आणि बाबांचा मंतर म्हणूनच दरवेळी "लागू" पडतो. नागीण मध्यरेषेवर आपोआप थांबते, फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप वाळतात. पण त्या जुन्या भीतीत एक खरा कण आहे, तोही सांगायला हवा. ज्यांची प्रतिकारशक्ती फारच खालावलेली असते, त्यांच्यात फोड पट्टा सोडून अंगभर पसरू शकतात. तसं दिसलं तर तो माणूस त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पोचला पाहिजे.

बाबांकडे जाण्यातलं खरं नुकसान गेरूचं नाही, वेळेचं आहे. (फुटलेल्या फोडांवर माती लावली की पू होतो, हे आहेच.) असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधं विषाणूची वाढ रोखतात, आणि पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केली तर ती सगळ्यात जास्त उपयोगी पडतात. तीन दिवस. असायक्लोव्हिर दिवसातून पाच वेळा घ्यावी लागते, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाजवळ आठवण करायला कुणीतरी असावं. उशीर झाला तरी डॉक्टरांकडे जायचं टाळू नये; नवे फोड येत असतील तर त्यानंतरही औषध देतात. नाकाच्या शेंड्यावर किंवा डोळ्याभोवती फोड आले तर मात्र त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे, कारण त्याच नसेची फांदी डोळ्यात जाते आणि दृष्टी जाऊ शकते. कानात फोड येऊन तोंड वाकडं झालं तरी तीच घाई.

आईला जे झालं त्याला नागिणीनंतरचं नसदुखणं म्हणतात. फोड गेल्यावर तीन महिने उलटले तरी कळ राहिली तर ते हेच. नस आतून दुखावलेली असते आणि साधा स्पर्शही मेंदूला आग म्हणून कळवते. वय जितकं जास्त तितका हा धोका जास्त. साध्या दुखीच्या गोळ्यांना ते फारसं दाद देत नाही. प्रेगाबालिन, गाबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी नसांवरची औषधं लागतात. आईला ती लागू पडली, पण झोप इतकी यायची की दुपारच्या चहालाही ती उठायची नाही.

घरात तान्हं मूल, गरोदर सून किंवा कांजिण्या न झालेलं कुणी असेल तर फोड झाकून ठेवावेत. नागिणीच्या फोडांतल्या पाण्यातून समोरच्याला नागीण होत नाही, कांजिण्या होऊ शकतात. हे नातं एका गावातल्या डॉक्टरनं धीरानं उलगडलं, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर गावी एडगर होप-सिम्पसन साधा दवाखाना चालवायचे. सोळा वर्षं त्यांनी आपल्याकडे आलेल्या नागिणीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली आणि १९६५ मध्ये मांडलं की नागीण ही नवी लागण नव्हे, कांजिण्यांचाच विषाणू नसेत झोपून राहतो आणि पहारा ढिला पडला की उठतो. मोठी प्रयोगशाळा त्यांच्याकडे नव्हती. हातात रुग्णांची वही होती.

पहारा ढिला पडतो हे कळल्यावर तो पुन्हा कडक करायचा विचार आलाच. आज मिळणारी शिंग्रिक्स ही लस तेच करते. तिच्यात जिवंत विषाणू नाही. विषाणूच्या अंगावरचं एकच प्रथिन घेतलंय आणि त्याच्या जोडीला पहारेकऱ्यांना खडबडून जागं करणारी द्रव्यं. त्यातलं एक चिली देशातल्या किलाया नावाच्या झाडाच्या सालीतून काढतात. आपल्या रिठ्यासारखा त्या सालीचा फेस होतो. अमेरिकेत २०१७ मध्ये आणि भारतात २०२३ मध्ये ही लस आली. पन्नाशीपुढच्या १५ हजारांहून जास्त लोकांवर १८ देशांत झालेल्या चाचणीत तिनं ९७ टक्के संरक्षण दिलं, आणि सत्तरीपुढच्यांच्या वेगळ्या चाचणीत जवळपास ९० टक्के. म्हातारपणी बऱ्याच लसींचा जोर कमी पडतो, तिथं हा आकडा मला थक्क करतो.

दंडात दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतरानं. पन्नाशीपुढच्या कुणालाही घेता येते, आधी नागीण होऊन गेली असली तरी, फक्त ती पूर्ण बरी झालेली हवी. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तर ती जास्तच गरजेची, आणि जिवंत विषाणू नसल्यानं त्यांनाही चालते. दंड दुखतो, एक-दोन दिवस कणकण येते, अंग मोडून येतं. ते अपेक्षितच आहे.

खरी अडचण पैशाची. सरकारी लसीकरणात ही लस नाही, आणि दोन डोसांना मिळून वीस हजारांच्या आसपास जातात. म्हणजे चार-पाच क्विंटल सोयाबीनची पट्टी. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्यांनी कुठून आणायचे? सरकारनं निदान साठीपुढच्या मधुमेहींना तरी ती द्यावी असं मला मनापासून वाटतं. ज्यांना परवडते त्यांनी दुसऱ्या एखाद्या थाटमाटाचा खर्च थांबवून ती घ्यावी. लस २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते, म्हणून आपल्याकडच्या लाइट जाण्याच्या दिवसांत औषधाच्या दुकानदाराला फ्रिज इन्व्हर्टरवर आहे का, हे विचारायला लाजू नका. मी विचारलं. त्यानं फ्रिज उघडून आतला थर्मामीटर दाखवला.

आईनं बरी झाल्यावर लस घेतली. मग तिनं स्वतः धाकट्या बहिणीला, माझ्या मावशीला फोन लावला आणि तास-दीड तास बोलली. मावशीनं पहिला डोस पोळ्याच्या आठवड्यात घेतला, दुसरा दिवाळी झाल्यावर. दोन दिवस तिचा दंड दुखला, एक रात्र ताप होता. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन केला तर तिनं उचलला नाही. ओटीत कापूस घेऊन ती रानात वेचणीला उभी होती.