कायमच्या सर्टिफिकेटला मुदत कशी लागली

सर्टिफिकेशन दर तीन वर्षांनी रिन्यू का करायचं, असं आयटीत कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: तंत्रज्ञान बदलतं म्हणून. ते खरंच आहे. पण मुदत आली कशी हे बघायला गेलं तर त्यात तंत्रज्ञानाइतकाच नोकरी देणाऱ्यांच्या अटींचाही हात दिसतो.

सुरुवातीला सर्टिफिकेट एखाद्या उत्पादनाचं असायचं. १९९० च्या दशकात आधी नॉव्हेल या नेटवर्क-सॉफ्टवेअर कंपनीच्या सीएनईला आणि मग मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसईला, म्हणजे त्या-त्या कंपनीच्या सिस्टिम सांभाळणाऱ्या इंजिनिअरच्या सर्टिफिकेटला, मोठा भाव होता. उत्पादन मागे पडलं की सर्टिफिकेटही मागे पडायचं, त्यावर वेगळी तारीख छापायची गरज नव्हती. पुढे विंडोज २००० आलं आणि मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, की त्याच्या आधीच्या विंडोज एनटी ४.० वर मिळवलेलं एमसीएसई २००१ च्या अखेरीस बाद होईल. जुन्या लोकांसाठी ७०-२४० क्रमांकाची एक परीक्षा ठेवली. चार मुख्य पेपरांच्या बदल्यात एकच पेपर, फी माफ, पण संधी एकदाच. नापास झालात तर ते चारही पेपर वेगवेगळे द्या, पैसे भरून. ज्याच्या ऑफिसात अजून एनटीचेच सर्व्हर चालू होते, त्या ॲडमिनने विंडोज २००० वर हात बसवायचा तरी कुठे? नाराजी वाढत गेली आणि ऑक्टोबर २००१ मध्ये कंपनीने निर्णय मागे घेतला. एनटीचं सर्टिफिकेट एनटीचं म्हणून कायम राहिलं. मला तो तोडगा आजही रास्त वाटतो. कागदावर व्हर्जन लिहिलेलं आहे. आपल्याला ते चालतं का, हे नोकरी देणाऱ्याने ठरवावं.

नेटवर्कची उपकरणं बनवणाऱ्या सिस्कोने १९९८ मध्ये आणलेल्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटला मात्र तीन वर्षांची मुदत असायची. परीक्षेला बसणाऱ्याला ते आधीच ठाऊक असेल, तर फसवणुकीची भावना येत नाही.

खरी ठिणगी पडली कॉम्पटिया या आयटी सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेत. ए प्लस, नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस ही तिची सर्टिफिकेट आयुष्यभराची, असं सांगूनच लोकांनी घेतलेली. मधल्या काळात अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ८५७० या निर्देशाखाली माहिती-सुरक्षेचं काम करणाऱ्यांना ठरावीक सर्टिफिकेट सक्तीची केली, आणि ती आयएसओ १७०२४ या, माणसांना सर्टिफिकेट देण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मानकात बसणारी हवीत अशी अट घातली. एकदा पास झालेल्या माणसाची क्षमता ठरावीक काळाने पुन्हा तपासली जावी, ही त्या मानकाची अपेक्षा. मग जानेवारी २०१० मध्ये कॉम्पटियाने जाहीर केलं: यापुढे तीन वर्षांची मुदत, आणि जुन्यांनाही. लोक खवळले, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. दिलेला शब्द मागून बदलता येत नाही. काही आठवड्यांतच संस्थेने माघार घेतली. २०१० संपेपर्यंत पास झालेल्यांचं सर्टिफिकेट कायमचं राहिलं, १ जानेवारी २०११ पासूनच्यांना मुदत लागली. नव्या सर्टिफिकेटच्या नावापुढे 'सीई' (कंटिन्युइंग एज्युकेशन, म्हणजे सतत शिक्षण) ही दोन अक्षरं आली. तोच अभ्यासक्रम, तीच परीक्षा, पण डिसेंबरात दिली तर जन्मभराची आणि जानेवारीत दिली तर तीन वर्षांची.

तेव्हापासून रिन्यूअलचा हिशेब सुरू झाला. सिक्युरिटी प्लससाठी तीन वर्षांत ५० सीईयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाबद्दल मिळणारे गुण, गोळा करायचे, वर दरवर्षी ५० डॉलर. पगार डॉलरमध्ये असणाऱ्याला ते जाणवत नाही. नाशिकला किंवा पुण्यात दोन नोकऱ्यांच्या मधे अडकलेल्या माणसाला १५० डॉलर म्हणजे घरभाड्यातला मोठा तुकडा असतो, आणि कंपनी फी भरून देते ती नोकरीत असेपर्यंतच.

मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये दुसरी वाट धरली. नोकरीतल्या भूमिकेनुसार दिल्या जाणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत दोन वर्षांवरून एकच वर्ष केली, पण रिन्यूअल फुकट ठेवलं. मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत घरबसल्या छोटी ऑनलाइन चाचणी द्यायची. कॅमेऱ्यासमोर बसवणारा पर्यवेक्षक नाही, आणि प्रश्न बहुतेक नव्याने बदललेल्या भागावरचे. नापास झालात तर पुन्हा द्या. रिन्यूअल ज्ञानासाठीच असेल तर ते असंच असायला हवं. एक गोष्ट मात्र तिथेही खटकते: तारीख एका दिवसाने जरी चुकली तरी सवलत नाही, मूळ परीक्षा पूर्ण फी भरून पहिल्यापासून द्यावी लागते. आजारपणात किंवा बाळंतपणाच्या रजेत ती तारीख निघून गेली, तरीही.