सरासरीच्या आत कोण आहे?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन झालं. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू, वाडा, पालघर आणि वसई हे तालुके नव्या पालघर जिल्ह्यात गेले. ठाण्याकडे उरले ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड आणि शहापूर. त्यामुळे शिक्षणाच्या तक्त्यात २०१४ आधीचं ‘ठाणे’ आणि नंतरचं ‘ठाणे’ एकाच नावाखाली दिसलं, तरी त्यातली मुलं तीच नाहीत. बहुतेक दुर्गम आदिवासी पाडे वगळल्यावर सरासरी वर सरकली, तर तेवढ्यावरून शिकवणं सुधारलं असं म्हणता येत नाही.

शाळेच्या बाबतीतही नेमकं हेच घडतं, पण तिथे ते सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. नवी मुंबईत एकाच महापालिकेच्या शाळांमध्ये दिघा-तुर्भ्याकडची खाणकामगारांची, नाका कामगारांची मुलं आहेत आणि नेरूळ-बेलापूरच्या सेक्टरांतलीही आहेत. माध्यमं वेगवेगळी, घरं वेगवेगळी. अशा दोन शाळांची तुलना करून पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी, कल्पित आहेत.

पहिल्या शाळेत चौथीची १०० मुलं. त्यातल्या २० जणांच्या घरी कुणीतरी अभ्यासाला बसवणारं आहे. ८० मुलं घरातली शिकणारी पहिलीच पिढी. परिच्छेद नीट वाचता येतो तो २० पैकी १८ जणांना आणि ८० पैकी ४८ जणांना. एकूण ६६ टक्के. दुसऱ्या शाळेतही १०० मुलं, पण तिथे प्रमाण उलटं. अभ्यासाला बसवणारं घर असलेल्या ८० पैकी ६८ मुलं वाचतात, पहिल्या पिढीतल्या २० पैकी १०. एकूण ७८ टक्के.

निकालाच्या यादीत दुसरी शाळा वर येईल आणि पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना बैठकीत जाब विचारला जाईल. आता गट वेगळे करून पाहा. घरचा आधार असलेल्या मुलांत पहिल्या शाळेचे ९० टक्के, दुसरीचे ८५. पहिल्या पिढीच्या मुलांत पहिलीचे ६०, दुसरीचे ५०. दोन्ही गटांत पहिली शाळा सरस, तरी एकूण बेरजेत मागे! संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात. यात आकड्यांची हातचलाखी काहीच नाही. ज्या शाळेने कठीण काम जास्त अंगावर घेतलं, तिची सरासरी खाली आली, इतकंच.

घरच्या परिस्थितीचा निकालावर किती प्रभाव पडतो, हे अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालाने लाखो विद्यार्थ्यांच्या माहितीवरून दाखवलं. त्यावरून ‘मग शाळेने फरकच पडत नाही’ असा अर्थ काही जणांनी काढला. मला तो चुकीचा आणि घातक वाटतो. शाळेचं काम मोजायचं तर मूल जूनमध्ये कुठे होतं आणि एप्रिलमध्ये कुठे पोहोचलं ते पाहायला हवं. अक्षरं ओळखणारी मुलगी वर्षअखेर वाक्य वाचू लागली, तर चौथीच्या निकषावर ती अजून नापासच. पण तिच्या बाईंनी केलेलं काम आधीच वाचता येणाऱ्या मुलाला पास करण्यापेक्षा मोठं आहे. यासाठी त्याच मुलाची वर्षागणिक नोंद लागते. देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राच्या यू-डायस प्लस प्रणालीत २०२२-२३ पासून शाळानिहाय बेरजांऐवजी विद्यार्थीनिहाय माहिती भरली जाते, त्यामुळे निदान मुलाचा माग तरी ठेवता येतो.

लहान पटाच्या शाळांबाबत मात्र जपून. शहापूरच्या एखाद्या पाड्यावर वर्गात आठ मुलं असतील, तर एका मुलाचा निकाल बदलला तरी टक्केवारी साडेबारा अंकांनी हलते. तिथे एका वर्षाच्या निकालावरून शिक्षकाला ना बक्षीस द्यावं, ना नोटीस.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आकडेवारीत नसलेल्या मुलांची. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतली अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलं सोबत जातात. मुलं किती शिकली हे तपासणारं केंद्राचं परख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं ४ डिसेंबर २०२४ रोजी, तिसरी, सहावी आणि नववीसाठी. अशी चाचणी त्या दिवशी वर्गात बसलेल्या मुलांचीच होते. भट्टीवर गेलेल्या मुलाला शून्यही मिळत नाही. ते छेदातूनच गळतं आणि सरासरी उलट थोडी बरी दिसते. घरोघरी जाऊन मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीत शाळेबाहेरची मुलंही येतात, पण ती पाहणी ग्रामीण भागापुरती असते. दिघा, मुंब्रा किंवा कळव्याच्या वस्त्या तिच्या कक्षेत नाहीत.

भट्टीवर जाणाऱ्या मुलांची शाळा तुटू नये म्हणून शिक्षण हमी कार्ड आहे. स्थलांतर करणारं मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसावं आणि परतल्यावर पुन्हा आपल्या वर्गात यावं, हा त्याचा हेतू. ते किती मुलांना दिलं, हा आकडा पुरेसा नाही. त्यातली किती मुलं दुसऱ्या शाळेच्या हजेरीपटावर खरोखर चढली, तो आकडा हवा.

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत निकालाचा कागद आला की त्यांनी टक्केवारीच्या आधी पट विचारावा : जूनमध्ये किती नावं होती, चाचणीला किती मुलं बसली आणि मधली कुठे आहेत?