आवाज न करणारी गाडी आणि पांढरी काठी

इंदूरच्या रीगल चौराह्यावर दृष्टिहीन माणूस रस्ता ओलांडतो तो लाल-हिरव्या दिव्यावर नाही, गाड्यांच्या आवाजावर. त्याला ज्या दिशेला जायचंय त्याच दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या गाड्यांकडे त्याचा कान असतो. त्या सगळ्या एकदम हलल्या, इंजिनांचा सूर एकदम चढला, की आपल्या बाजूचा सिग्नल सुटला आणि आडवी वाहतूक थांबली असं समजायचं. मग तो आवाज एका कानाच्या कडेने सरळ पुढे जात राहतो. त्याला समांतर चाललं की वाट तिरकी होत नाही. पांढऱ्या काठीसोबत ही युक्तीही रीतसर शिकवली जाते. ती उभी आहे इंजिनाच्या भरवशावर.

पेट्रोल-डिझेलचं इंजिन न विचारता बरंच काही सांगतं. घुरघुर चालू आहे म्हणजे गाडी उभी आहे पण कधीही निघेल. सूर चढला म्हणजे निघाली. खडखडाट जाड असेल तर ट्रक किंवा ‘मॅजिक’ ही प्रवासी व्हॅन. सूर उतरला तर चालक वेग कमी करतोय, कदाचित वळणार आहे. विजेवरची गाडी सिग्नलला उभी असताना यातलं काहीच सांगत नाही. मोटर फिरत नाही, म्हणून आवाज शून्य. ती तिथे आहे हेच कळत नाही, मग निघाली कधी हे कळायचा प्रश्नच नाही.

धावत्या गाडीचा आवाज मुख्यतः दोन ठिकाणांहून येतो, इंजिनातून आणि रस्त्यावर घासणाऱ्या टायरमधून. टायरचा आवाज वेगाबरोबर झपाट्याने वाढतो. वेग दुप्पट झाला की साधारण ९ ते १२ डेसिबलची भर पडते. त्यामुळे ताशी ५० किलोमीटरला पेट्रोलची आणि विजेवरची गाडी कानाला जवळजवळ सारखीच. फरक पडतो तो ताशी २० च्या खाली, जिथे टायर गप्प असतो आणि आवाजाची जबाबदारी एकट्या इंजिनावर असते. म्हणजे धोका मोठ्या रस्त्यावरच्या भन्नाट गाडीचा नसून सोसायटीच्या फाटकातून मागे येणाऱ्या, पार्किंगमधून निघणाऱ्या, सराफा बाजाराच्या गर्दीत सरपटणाऱ्या गाडीचा आहे.

‘एवढ्या हळू गाडीने काय होणार’ असं म्हणणाऱ्यांसाठी आकडे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने २०११ मध्ये केलेल्या विश्लेषणात, हायब्रिड (पेट्रोल आणि वीज दोन्हीवर चालणाऱ्या) गाड्यांची पादचाऱ्याला धडक बसण्याची शक्यता साध्या गाड्यांच्या तुलनेत ३५ टक्क्यांनी जास्त आढळली. ब्रिटनमधल्या २०१३ ते २०१७ च्या अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. दर १० कोटी मैल प्रवासामागे जखमी किंवा मृत पादचारी विजेवरच्या व हायब्रिड गाड्यांसाठी ५.१६, पेट्रोल-डिझेलसाठी २.४०. हे सगळ्या पादचाऱ्यांचे आकडे आहेत, फक्त दृष्टिहीनांचे नाहीत. शिवाय त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत मुद्दाम आवाज काढणारी यंत्रणा नव्हती, हे ध्यानात ठेवायला हवं.

ही यंत्रणा म्हणजे पुढच्या बंपरमागे बसवलेला एक जलरोधक स्पीकर, छोटा अँप्लिफायर आणि गाडीच्या वेगाची माहिती घेऊन आवाज तयार करणारं सर्किट. तिचे नियम संयुक्त राष्ट्रांच्या १३८ क्रमांकाच्या विनियमात आहेत. तो २०१६ पासून लागू आहे. गाडी हलल्यापासून ताशी २० किलोमीटरपर्यंत आवाज आलाच पाहिजे. गाडीच्या मध्यरेषेपासून २ मीटरवर, जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर मोजला असता ताशी १० ला किमान ५०, ताशी २० ला किमान ५६ आणि मागे घेताना किमान ४७ डेसिबल. पुढे जाताना कमाल ७५. निव्वळ शिट्टी चालत नाही. आवाज किमान दोन वेगवेगळ्या वारंवारता-पट्ट्यांत पसरलेला हवा आणि त्यातला एक १६०० हर्ट्झ किंवा त्याखाली हवा, कारण वय वाढलं की वरचे स्वर आधी जातात. आणि वेगाबरोबर सूर चढला पाहिजे, वेग ताशी एक किलोमीटरने वाढला की सरासरी ०.८ टक्के. ताशी ५ वरून २० पर्यंत हिशोब केला तर १२ टक्के होतात, म्हणजे जवळजवळ षड्जावरून शुद्ध ऋषभापर्यंत. गाडी वेग घेतेय की सोडतेय हे ओळखायला गाणाऱ्याचा कान लागत नाही, एवढा चढ पुरतो.

एकाच सुराची शिट्टी का चालत नाही, याचं कारण कानात आहे. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ठरवतो. बाजूने आलेला आवाज दूरच्या कानाला फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो. खालच्या स्वरांसाठी हा उशीर उपयोगी पडतो, तर वरच्या स्वरांसाठी डोक्याची सावली, म्हणजे डोकं आड आल्याने दूरच्या कानाला आवाज कमी पोचणं. समोरून की मागून, हे कानाच्या पाळीत वरच्या स्वरांचं जे गाळण होतं त्यावरून कळतं. खरखरीत, पसरलेल्या आवाजात हे तिन्ही पुरावे एकदम मिळतात. एकसुरी ‘पीऽऽ’ मध्ये कान हमखास फसतो.

अमेरिकेचा नियम एका बाबतीत जास्त शहाणा आहे. तिथे आवाज ताशी ३० पर्यंत लागतो, आणि गिअर पार्किंगमध्ये नसेल तर उभ्या गाडीतूनही लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या नियमात उभ्या गाडीला सूट आहे. रीगल चौराह्यावरची युक्ती नेमकी याच सवलतीमुळे मोडते.

भारतात सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा काढला. विजेवरच्या मोटारी, बस आणि ट्रक यांच्या नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२६ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०२७ पासून ही यंत्रणा बसवावी, असा प्रस्ताव. दुचाकी आणि तीनचाकी त्यात नाहीत. इंदूरच्या जुन्या भागात चालणाऱ्या माणसाने हे वाचून कपाळाला हात लावावा. जेल रोड, जवाहर मार्ग, राजवाड्याची प्रदक्षिणा, इथे अंगावर येते ती मोटार नव्हे, ई-रिक्षा आणि विजेवरची स्कूटर.

ई-रिक्षाला कायद्याने ताशी २५ ची मर्यादा आहे. म्हणजे तिचा जवळजवळ सगळा प्रवास टायर गप्प असण्याच्या वेगात होतो. तरी ती पूर्ण मुकी नसते. मागच्या आसातल्या गिअरची किणकिण असते, पत्रा वाजतो, मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर साधा असेल तर मोटर गुणगुणते. गंमत अशी की जुनी, खिळखिळी ई-रिक्षा दृष्टिहीनाला नव्या कोऱ्या रिक्षापेक्षा सुरक्षित. चांगला कंट्रोलर, नवे बेअरिंग, घट्ट बॉडी आली की हा फुकटचा इशाराही जातो. उतारावर चालकाने रेस सोडली की मोटरही गप्प होते. स्कूटरचं आणखी अवघड. मोटर चाकातच बसवलेली असेल तर पुष्कळदा गिअर नाही, चेन नाही, बारीक टायर. बस मात्र वाटते तेवढी शांत नाही. एअर कॉम्प्रेसर, एसी आणि दाराचा ‘फुस्स’ यांमुळे ती निदान थांब्यावर ओळखू येते.

‘पण हॉर्न आहे की!’ हे उत्तर इथे ठरलेलं. हॉर्न वाजतो चालकाने माणसाला पाहिल्यावर. पार्क केलेल्या दोन गाड्यांच्या फटीतून बाहेर येणाऱ्या माणसाला चालकाने पाहिलेलंच नसतं. यंत्रणेचा आवाज चालकाच्या लक्षावर अवलंबून नसतो, हेच तर तिचं मोल. शिवाय हॉर्न ‘सर’ एवढंच सांगतो, कुठे सरायचं ते सांगत नाही. दचकलेला माणूस एक पाऊल मागे घेतो, आणि मागे उघडी नाली असू शकते.

हॉर्नचं खरं नुकसान वेगळंच आहे. मोटारीचा हॉर्न ७ मीटरवर किमान ९३ डेसिबल असावा असा नियम आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे ११२ मीटरवर हाच हॉर्न ६९ डेसिबल भरेल. आता नियम पाळणारी विजेवरची मोटार ताशी २० ने २ मीटरवरून जातेय, तिचा किमान आवाज ५६. शंभर मीटर लांबचा एक हॉर्न दोन पावलांवरच्या गाडीला सहज गिळून टाकतो, आणि तो थांबल्यावरही क्षणभर कान बारीक आवाज पकडत नाही.

रात्री लोकमान्य नगरच्या गल्लीत चित्र वेगळं. निवासी भागाची रात्रीची ध्वनिमर्यादा ४५ डेसिबल, गोंगाट तेवढाच धरू. २ मीटरवर ५६ म्हणजे ४ मीटरवर ५०, ८ मीटरवर ४४. गाडी आठ-दहा मीटरवर आली की कानाला लागेल. ताशी २० म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर, तेव्हा हातात दीड-पावणेदोन सेकंद. काठी मागे घेऊन थांबायला पुरतात, ७ मीटरचा रस्ता ओलांडायला नाही. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला तिथे सहा सेकंद लागतात. आणि दिवसा बाजारात मर्यादाच ६५ ची आहे, ती पाळली जाते असं मानलं तरी ५६ चा आवाज त्यात बुडतो. कान एकूण गोंगाटाशी नव्हे तर त्या-त्या वारंवारतेच्या शेजारच्या गोंगाटाशी तुलना करतो, म्हणून थोडी सवलत मिळते. तेवढ्याने भागत नाही. यंत्रणेचा आवाजच वाढवावा, हा उपाय सुचतो खरा. पण मग त्याही शंभर गाड्या मिळून गोंगाट करतील. बाजारात खरा उपाय हॉर्न आणि वेग कमी करण्याचा आहे.

यंत्रणा असली तरी बिघडते, आणि बिघडली हे काचा लावून आत बसलेल्या चालकाला बहुधा कळत नाही. बंपर बदलताना स्पीकरचा प्लग जोडायचा राहून जातो. पावसाळ्यात चिखल जाळीत बसतो किंवा जोडणीत पाणी शिरून गंज धरतो. बाहेरून बसवलेला जाड गार्ड वरचे स्वर अडवतो. काही मालक शेजाऱ्यांच्या कटकटीने फ्यूजच काढतात. तपासणी सोपी आहे. शांत मोकळ्या जागी एकाने गाडीच्या बाजूला २ मीटरवर पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्याने गाडी ताशी १० ने शेजारून न्यायची आणि मग मागे घ्यायची. मागे घेतानाचं ऐकणं जास्त महत्त्वाचं, कारण स्पीकर पुढे असतो आणि मागच्या बाजूला आवाज क्षीण पोचतो. मोटारींना २०१९ पासून सक्तीचा असलेला रिव्हर्स सेन्सर इथे कामाचा नाही. तो आतल्या चालकाला सावध करतो, बाहेरच्याला नाही.

दृष्टिहीन व्यक्तीने रोजचा रस्ता कानाने ओलांडण्याजोगा आहे का, हे मोजून ठरवावं. सोबत डोळस माणूस आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच हवं. आधी तो रस्ता ओलांडायला लागणारा वेळ सोबत्याच्या आधाराने दोन-तीनदा मोजायचा. मग कडेला उभं राहायचं. गाडी प्रथम ऐकू आली की हात वर करायचा, सोबत्याने घड्याळ सुरू करायचं आणि गाडी समोरून गेली की थांबवायचं. निदान दहा-पंधरा वाहनं घ्यायची आणि त्यात ई-रिक्षा आणि स्कूटर हव्यातच. सरासरी काढायची नाही. सर्वात कमी आलेला वेळ धरायचा. तो ओलांडण्याच्या वेळेपेक्षा कमी असेल, तर तिथे ‘शांत वाटलं म्हणून निघालो’ हे धोरण बाद. सिग्नल, सोबत किंवा दुसरी जागा शोधायची. सकाळी पास झालेली जागा संध्याकाळी नापास होते, म्हणून दोन्ही वेळा मोजावं. पावसात तर नक्कीच. ओल्या रस्त्यावर टायर जास्त वाजतात खरे, पण छत्रीवरची टपटप अगदी कानाशी असते. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, टोपी कानामागे सारून. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी तंत्रज्ञाकडून बाहेरच्या वापरासाठी वेगळा प्रोग्राम करून घ्यावा. गोंगाट दाबणारी सोय सलग गुणगुणीलाच गोंगाट समजते आणि गाडीचा आवाजही कमी करून टाकते.

चालकांसाठी मोजकंच. झेब्रा पट्ट्यावर गाडी उभी करू नका. काठी बंपरला लागली की माणूस वळसा घालतो आणि थेट वाहत्या रांगेत जातो. हाताने ‘जा’ अशी खूण त्याला दिसत नाही. काच उतरवून ‘मी थांबलोय’ एवढं सांगा, ‘जा’ म्हणू नका, कारण शेजारची स्कूटर थांबली आहे का हे तुम्हालाही माहीत नसतं.

शहराकडून हवेत ते बोलणारे सिग्नल. खांब कुठे आहे हे कळण्यासाठी सेकंदाला एक टकटक, ओलांडायची वेळ आली की जलद. अमेरिकी मानकानुसार हा आवाज आसपासच्या गोंगाटापेक्षा जास्तीत जास्त ५ डेसिबल वर असावा आणि गोंगाटाबरोबर आपोआप कमी-जास्त व्हावा. एकच ठरलेला आवाज लावला तर तो दुपारी ऐकू येत नाही आणि रात्री घराघरांतून तक्रारी येतात. पण आपल्या चौराह्यांवर डावं वळण बहुतेक ठिकाणी सिग्नलविना खुलं असतं, आणि ई-रिक्षा तिथूनच न थांबता सरकते. त्या वळणावर टकटक काही रोखू शकत नाही. तिथे पट्टा फुटपाथच्या उंचीला आणून उंचवटा करावा लागतो. मग रिक्षाला वेग तोडावा लागतो, आणि चढताना तिचा पत्राही वाजतो.