हृदयपेशींतील मेदसंचय आणि तालदोष

हृदयाच्या स्नायुपेशींत गरजेपेक्षा जास्त मेद साचल्याने त्यांचे विद्युतकार्य बिघडते आणि ठोक्यांचा ताल चुकू शकतो. हृदयावर बाहेरून चढणारी चरबी हा निराळा विषय. पेशींच्या मधे शिरलेली चरबी आणि पेशीच्या आत साचलेला मेद यांत 19व्या शतकातच जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ फिर्खो यांनी फरक केला होता. तरी आजही दोन्हींची सर्रास गल्लत होते.

गंमत अशी, की हृदय मेदावरच चालते. निरोगी हृदयाला निम्म्याहून जास्त ऊर्जा मेदाम्लांच्या ज्वलनातून मिळते. साठवणीची सोय मात्र तुटपुंजी. लठ्ठपणा आणि टाइप 2 मधुमेहात मेदाम्लांची आवक ज्वलनापेक्षा वाढते. शिल्लक मेदाम्ले ट्रायग्लिसराइडच्या, म्हणजे साठवणीच्या मेदाच्या, थेंबांत कोंडली जातात. हे थेंब दिसतात म्हणून बदनाम. खरा उपद्रव थेंबांत न मावलेल्या सिरॅमाइड, डायअसिलग्लिसेरॉल यांसारख्या मेदजन्य रेणूंचा. त्यांच्यामुळे तंतुकणिकांवर (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांवर) ताण येऊन ऑक्सिजनची अतिक्रियाशील रूपे वाढतात आणि पेशीतल्या कॅल्शियमच्या कोठाराची दारे गळू लागतात.

दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात असे गळलेले कॅल्शियम पेशी बाहेर टाकते, पण त्याची किंमत मोजून: एक कॅल्शियम आयन बाहेर, तर तीन सोडियम आयन आत. म्हणजे प्रत्येक फेरीत एक धनप्रभार जादा. तो पुरेसा साठला की पेशी वेळ नसताना ठोका सुरू करते. त्यातच पेशी-पेशींमधले विद्युतदुवे कमजोर असतील, तर हा आवेग सरळ पुढे न जाता गोल फिरत राहतो. जवनिकांत (हृदयाच्या खालच्या, रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्यांत) असे झाले, की त्या नुसत्या थरथरतात, रक्त पुढे ढकलले जात नाही आणि मृत्यू काही मिनिटांवर येतो.

हृदयात पीपीएआर-गॅमा हे मेदाशी संबंधित जनुके चालू करणारे प्रथिन जादा निर्माण होईल असे बदल केलेल्या उंदरांत मेदसंचय, जवनिकांचे तालदोष आणि अकस्मात मृत्यू हे तिन्ही आढळले आहेत. माणसांत मेदाम्ले जाळणारी विकरे जन्मतः सदोष असलेल्या अर्भकांत हा संबंध ठळक दिसतो. प्रौढ मधुमेहींत तंतुमयता (हृदयस्नायूत व्रणासारखे कठीण तंतू साचणे) आणि रोहिणीविकारही सोबत असतात, त्यामुळे सारा दोष मेदाच्या माथी मारणे घाईचे ठरेल.

सूक्ष्मदर्शकाखालीही हा मेद सहज हुलकावणी देतो. नेहमीच्या पद्धतीत अल्कोहोल आणि झायलीनने तो धुऊन जातो आणि पेशीत नुसती गोल पोकळी उरते. गोठवलेल्या छेदाला ऑइल रेड ओ हे मेद रंगवणारे रंजक लावले, तरच लाल ठिपके दिसतात. जिवंत हृदयात चुंबकीय अनुस्पंदन वर्णपटमापनाने (एमआरआय यंत्रावर रासायनिक संकेत मोजण्याच्या पद्धतीने) मोजणी होते. त्यासाठी सहसा दोन जवनिकांमधला पडदा निवडतात, कारण बाहेरच्या चरबीचा संकेत तिथे कमी मिसळतो.