वनकर्मचारी निवास, पर्यावरणपूरक (मराठवाडा)

अभयारण्ये व राखीव वनांत नेमलेले वनरक्षक, वनपाल व वनमजूर यांच्यासाठी स्थानिक साहित्यात, थोड्या पाण्याविजेवर भागेल अशा बेताने बांधलेली घरे. मराठवाड्यात गौताळा-औट्रमघाट (१९८६), नायगाव मयूर, येडशी रामलिंग घाट या अभयारण्यांच्या संदर्भात हा विषय येतो.

येथील पारंपरिक नमुना म्हणजे माळवद : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, तुळया, त्यांवर फळ्या, पाला आणि वर पांढरीच्या मातीचा थर. (ही माती जुन्या गावठाणांतून आणतात, त्यात पुरातत्त्वीय अवशेषांची हानी होते.) माळवदाच्या उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ते कमी पाऊस व कडक उन्हाळा यांतून आपोआप रुळलेले मानतात, तर काही मध्ययुगीन सुलतानी अमदानीशी जोडतात. दख्खनमधील सातवाहनकालीन उत्खननांत छपराची कौले मिळाली आहेत. त्यामुळे निदान त्या काळी उतरते छप्पर प्रचलित होते. सपाट धाबे त्यानंतर सार्वत्रिक झाले असावे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

माळवदाखाली भर दुपारीही गारवा राहतो, पण भार फार. गळती थांबवण्यासाठी पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकतात व थर चढत जातो. फूटभर थराचे वजन चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशीच घरे कोसळून मोठी प्राणहानी झाली. मात्र छत लाकडी खांबांवर तोललेले होते तेथे भिंती ढासळूनही काही छते उभी राहिली. म्हणून नव्या बांधकामात भिंत जाड ठेवावी, छत हलके करावे, हा मार्ग ग्राह्य धरावा. भिंतीचे दोन्ही थर सांधणारे आरपार दगड आणि दारा-खिडक्यांवरून सलग फिरणारा पट्टा भारतीय मानक १३८२८ (१९९३) मध्ये सांगितला आहे. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर भिंती तडकतात.

मातीच्या धाब्यावरचे पाणी गढूळ येते व बरेचसे मुरते. कौलारू वा पत्र्याच्या ७० चौरस मीटर छतावरून ७०० मिलिमीटर पावसात ३९,००० लिटरच्या आसपास पाणी टाकीत उतरू शकते. पहिल्या सरींचे मात्र सोडून द्यावे. दिवे सौर, खाली वळवलेले असावेत. खरकटे उघड्यावर टाकू नये : त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.